मोज्यात अडकलेली शिशाची साल

व्हर्ला टॉफ्टीला निवांत बसलेलं खोऱ्यात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेची बस चालवायची तेवढीच तिची बैठक, आणि तीही सीटच्या अगदी कडेवर, उडी मारून उतरायच्या बेतात असल्यासारखी. कॉफी ती खिडकीशी उभी राहून प्यायची. फोनवर बोलताना वायर पुरेल तेवढं स्वयंपाकघर पालथं घालायची. चर्चमध्ये शेवटच्या बाकाचं टोक तिचं ठरलेलं असे. प्रवचन लांबलं की उठून मागच्या खोलीत कॉफीच्या भांड्यांकडे पाहायला जाता यायचं.

तिचा नवरा ड्वेन याच्या नेमका उलट. लाकडाची गिरणी बंद पडली त्या वर्षी तो खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला, तो जेवायला आणि झोपायला उठायचा.

"आम्ही कामं वाटून घेतली आहेत," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "बसायचं सगळं मी बघतो."

काडतुसं भरायचं कामसुद्धा व्हर्ला उभ्यानंच करी. गॅरेजच्या भिंतीलगत जाड फळ्यांचा बाक होता, आणि त्यावर भराईचा प्रेस तिच्या छातीच्या उंचीला येईल असा बोल्टांनी आवळलेला होता. मोन्टानाच्या त्या कोपऱ्यात बऱ्याच घरांत असा प्रेस असतो. उडालेल्या पितळी पुंगळ्या कुणी फेकून देत नाही. त्या धुवायच्या, मापात आणायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, तोंड जरासं फुलवायचं, दारू मोजून घालायची, शिशाची गोळी बसवायची आणि शेवटी ते फुलवलेलं तोंड गोळीच्या खाचेत परत आवळायचं. टेनिसी नावाची मांजर, जुना रेडिओ आणि हे काम, एवढ्यात व्हर्लाच्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी जायच्या.

"बाकी सगळं यंत्र करतं," ती म्हणायची. "फुलवणं आणि आवळणं मात्र माणसाचं. तोंड फार फुलवलंत तर कड फाटते. कमी फुलवलंत तर ती कड गोळीची साल काढते, सफरचंदाची काढावी तशी. आणि शेवटी आवळलं नाहीत, तर तुमचं नशीब."

हे नशीब काय, ते मोठं रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. एक गोळी सुटली की हाताला जो धक्का बसतो, तोच रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातल्या उरलेल्या काडतुसांनाही बसतो. त्यांची तोंडं घट्ट आवळलेली नसली तर प्रत्येक धक्क्याला आतली गोळी केसभर पुढे सरकते. सरकता सरकता ती चक्राच्या बाहेर डोकावली की चक्र अडतं. मग हातात उरतो तो किलोभर लोखंडाचा तुकडा.

या सगळ्यापेक्षाही जुना असा खोऱ्यात एक रिवाज होता. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. शेजाऱ्याच्या हातचं लोणचं खावं, त्याच्या ट्रकमधून डोळे मिटून प्रवास करावा, पण त्याचं काडतूस नको. हा अपमान समजला जात नसे. कुणी देऊ केलंच तर समोरचा म्हणायचा, "नको रे, माझ्या बंदुकीचं पोट नाजूक आहे," आणि विषय तिथंच संपायचा.

व्हर्लाचा धाकटा भाऊ एमेट हा रिवाज सर्वांत काटेकोरपणे पाळायचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा एमेट दुसरीत होता आणि व्हर्ला चौदा वर्षांची. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, करपलेले पॅनकेक दाट पाकात बुडवून खाऊ घातले. तिच्या हातचं त्यानं सगळं खाल्लं. पण तिच्या हातचं काडतूस त्यानं आजवर बंदुकीत घातलं नव्हतं. खेचरांवर सामान लादून डोंगरातल्या वणवा-टेहळणीच्या चौकीपर्यंत पोचवायचं हा त्याचा धंदा. कमरेला कायम मोठं चव्वेचाळीसचं रिव्हॉल्व्हर, आणि त्यात दुकानातलीच काडतुसं. व्हर्ला वरवर हसायची. ड्वेनला मात्र माहीत होतं की दर नाताळला एमेटच्या भेटीची पिशवी भरताना ती काडतुसांचा एक डबा हातात घेते, आणि परत कपाटात ठेवते.

त्या वर्षी दुकानांतली काडतुसांची फळी उन्हाळाभर रिकामी राहिली. ऑगस्टात एके दिवशी एमेट गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कॉफीचा मोठा पत्र्याचा डबा, आणि नजर मांजरीवर.

"व्हर्ल, पुंगळ्या आणल्यात," तो म्हणाला. "माझ्या आहेत थोड्या, आणि खाली म्हाताऱ्या लुंडीनच्या. त्याच्या सामानाच्या विक्रीत डबाच्या डबा मिळाला. भरून देशील का?"

"कुणासाठी?" व्हर्लानं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"पोपसाठी. माझ्यासाठी, अजून कुणासाठी?"

"आणि तुझ्या बंदुकीचं नाजूक पोट?"

"तिला उपास घडतोय महिनाभर. आता काहीही खाईल ती."

व्हर्लानं तोंड फिरवून बाकावरची आधीच जागेवर असलेली हत्यारं पुन्हा जागेवर लावली. "कधी हवीत?"

"उद्या पहाटे निघतो."

"संध्याकाळी ये," ती म्हणाली. तो गेल्यावर तिनं रेडिओ लावला आणि त्याच्याबरोबर गायलाही लागली. ड्वेननं घरातून ओरडून विचारलं, की मांजर कशात सापडली की काय.

त्या दिवशी तिनं जे केलं, ते तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. पुंगळ्यांची लांबी मोजायची असते, आणि एकूण एक मोजायची असते. कारण तोंड फुलवायचा साचा आणि आवळायचा साचा दोन्ही एका लांबीला बेतून बसवलेले असतात. पुंगळी आखूड असली तर साचा तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही. व्हर्लानं डब्यातल्या वरच्या चार-पाच मोजल्या, सगळ्या सारख्या भरल्या, आणि तिनं प्रेसचा दांडा हाती घेतला. वरच्या पुंगळ्या एमेटच्या होत्या. म्हाताऱ्या लुंडीनच्या खाली होत्या.

मधे केव्हातरी प्रेसवर शिशाची एक बारीक, चकचकीत साल पडलेली तिला दिसली. एरवी ती तिथंच थांबली असती. त्या दिवशी तिनं फुंकर मारून ती उडवली आणि पुढची पुंगळी उचलली. संध्याकाळी एमेट आला तेव्हा काडतुसं डब्यात रांगेनं उभी होती आणि डब्यावर तिनं निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'नाजूक पोटासाठी.'

हे झालं बुधवारी.

शनिवारी सकाळी ड्वेननं खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या पायातला मोजा काढला, उलटा करून झटकला आणि आत बोट घालून काहीतरी उपटून काढलं.

"दोन दिवस टोचतंय हे," तो म्हणाला. "मला वाटलं माझंच नख. तुझ्या कारखान्यातून आलंय बघ."

व्हर्ला खिडकीशी कॉफी पीत होती. ड्वेनच्या चिमटीत अंगठीच्या अर्ध्या तुकड्याएवढी, केसासारखी बारीक शिशाची साल होती. तिनं ती हातात घेतली, नखानं वळवून पाहिली आणि कप तसाच खिडकीत ठेवून गॅरेजमध्ये गेली.

प्रेसखाली झाडू घातला तर अजून सात-आठ साली निघाल्या. कॉफीच्या डब्यात तळाशी काही पुंगळ्या उरल्या होत्या. तिनं मापणी काढली. पहिली आखूड, दुसरी त्याहून आखूड, तिसरी दुसरीसारखी. म्हातारा लुंडीन दर भराईला पुंगळीची कड कातरून घ्यायचा, हे तिला माहीत होतं. सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. त्याच्या हेअरकटवरून आणि पुंगळ्यांवरून एकच विनोद चालायचा.

तिनं साच्यांना हात लावला नाही. तळातली एक पुंगळी घेऊन दारू आणि टोपीशिवाय तिच्यावर सगळी कामं केली. तोंड जेमतेम फुललं. गोळी बसताना शिशाची साल निघाली. शेवटच्या साच्यानं कड नुसती चाटली. तिनं ते पोकळ काडतूस बाकाच्या कडेला टेकवून अंगठ्यानं दाबलं. गोळी मऊ लोण्यात बोट जावं तशी आत गेली.

"ड्वेन," ती दारात येऊन म्हणाली. "एमेटला मी सुटी काडतुसं दिली."

"सुटी म्हणजे?"

"आवळलेली नाहीत. सगळी नाहीत. काही आहेत, काही नाहीत. कुठली ते देवाला ठाऊक. दोन बार काढले की तिसऱ्याला बंदूक अडकणार."

ड्वेननं मोजा पायात चढवला. "हे बघ, एमेट त्या वाटेनं आयुष्यभर जातोय. त्यानं अस्वलाला खेचराची ती लांबलचक गोष्ट सांगायला घेतली ना, तर अस्वलच म्हणेल, मी निघतो."

"हकलबेरी पिकल्यात, ड्वेन. सगळी अस्वलं वाटेवर उतरलीत."

"त्याच्याकडे तो मिरचीचा फवारा असेल."

"तो मागच्या वर्षी पर्लच्या तोंडावर उडाला. त्यानंतर ते खेचर त्याला फवारा सामानात ठेवू देत नाही."

हे ड्वेनलाही माहीत होतं. व्हर्लानं जंगलखात्याच्या कचेरीत फोन लावला आणि वायर ताणून स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. तिथल्या बाईनं वायरलेसवर चौकीशी बोलून सांगितलं, की एमेट सामान उतरवून आज सकाळीच खाली निघाला. त्याच्याजवळ वायरलेस नाही. संध्याकाळपर्यंत पोचेल. काही तातडीचं आहे का?

"नाही," व्हर्ला म्हणाली. मग म्हणाली, "हो." आणि फोन ठेवला.

तिनं कपाटातून आपल्या स्वतःच्या पुंगळ्यांत भरलेल्या काडतुसांचा डबा काढला, प्रत्येक काडतूस बाकाच्या कडेला दाबून पाहिलं आणि पिशवीत घातलं. पाणी, फवारा, एक जर्किन. ट्रकची किल्ली हुकावरून काढताना ती खाली पडली. उचलली, पुन्हा पडली.

ड्वेन खुर्चीतून उठला. जेवणाला अजून अवकाश होता. त्यानं किल्ली उचलली आणि बूट शोधू लागला.

"तू काय करतोयस?"

"ट्रक चालवतोय. तू अशी थरथरत निघालीस तर आपल्याला एमेटच वाचवायला येईल."

वाटेभर ती डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताच्या बोटांवर दाबत बसली, एक बोट, दुसरं बोट, तिसरं. ड्वेननं रेडिओ लावला, तिनं बंद केला. त्यानं परत लावला नाही. डोंगरवाटेच्या तोंडाशी एमेटचा रिकामा ट्रेलर उभा होता. ड्वेन म्हणाला, "माझे गुडघे पहिल्या चढालाच राजीनामा देतील."

"तुला कोण बोलवतंय?"

"मी इथं थांबतो. व्हर्ला, आवाज करत जा."

आवाज करत जाणं हा तिथला नियमच आहे. अस्वलाला माणूस येतोय हे आधी कळलं की ते सहसा बाजूला होतं. लोक टाळ्या वाजवतात, गाणी म्हणतात. व्हर्लाला गाणं सुचेना. ती चालता चालता ओरडत राहिली, "ए अस्वला! बाजूला हो! मला वेळ नाही!" आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की ती अस्वलाला सोडून स्वतःलाच झापतेय. "चार मोजल्या! चार! गाणं म्हणत होतीस! ए अस्वला!"

वाटेवर जागोजागी अस्वलांची विष्ठा होती, बेरींनी जांभळी झालेली. एका ठिकाणी ओंडका उपटून उलटा टाकला होता आणि खालची माती अजून ओली होती. तिचा डावा गुडघा दुखायला लागला. पाणी प्यायला थांबावं असं वाटलं, पण थांबलं की मनात चित्र येई. एमेट हात लांब करून उभा, चाप ओढतोय, आणि चक्र फिरत नाही. चाललं की ते चित्र जरा मागं पडे. मग ती चालतच पाणी प्यायली. निम्मं जर्किनवर सांडलं.

ओढ्याच्या उतारावर तिला आधी घंटा ऐकू आली. पर्लच्या गळ्यातली. मग पाण्यातून येणारे खुर, आणि मग घोड्यावर स्वतः एमेट, हॅट मागे सरकवलेली, तोंडात गवताची काडी. पाय, हात, कान, सगळं जागेवर.

"व्हर्ल?" त्यानं घोडा थांबवला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. कुणी गेलं असेल तर तूच, असं वाटत होतं."

"मी? मी मस्त आहे. चढून आलीस? या गुडघ्यानं? ड्वेन कुठाय?"

"काडतुसं कशी होती?" व्हर्लानं विचारलं.

एमेटनं काडी तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "फर्स्ट क्लास. लोण्यासारखी चालली. मला वाटतं मी उगाच इतकी वर्षं—"

"बंदूक कुठाय तुझी?"

त्याच्या कमरेचं चामडी म्यान रिकामं होतं. त्यानंही खाली पाहिलं, जणू त्यालाच आश्चर्य वाटलं. "सामानात ठेवली. टोचत होती."

"वीस वर्षं टोचली नाही ती आज टोचायला लागली? डबा दे."

"व्हर्ल, अगं मी सांगतोय ना, मस्त—"

"एमेट, डबा दे."

त्यानं खोगिराच्या पिशवीतून डबा काढून दिला. व्हर्लानं एक काडतूस घेतलं, पर्लच्या पाठीवरच्या लाकडी पेटीच्या कडेला गोळीचं नाक टेकवलं आणि दाबलं. गोळी जागची हलली नाही. तिनं दुसरं घेतलं. त्यातली गोळी आत गेली. तिनं ते काडतूस तळहातावर ठेवून भावापुढे धरलं.

एमेट घोड्यावरून उतरला. पर्लच्या पलीकडच्या पेटीतून त्यानं कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. चक्राच्या तोंडातून एक शिशाचं नाक बाहेर आलं होतं आणि चौकटीला अडलं होतं.

"गुरुवारी संध्याकाळी," तो म्हणाला. "खेचरांच्या दाण्यावर आली होती. मोठी मादी. डोक्यावरून दोन बार काढले. ती नुसती बघत राहिली, म्हणून तिसरा काढायला गेलो."

"आणि?"

"आणि काय, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मला वाटतं तिलाही माझी दया आली. मग पर्लनं लाथ झाडली, भांड्यांची पेटी उताराला लागली, आणि त्या गडगडाटानं बाईसाहेब पळाल्या. कढई पार चेपली." तो हसला. "पर्लला पगारवाढ देणार आहे."

व्हर्ला बसली. वाटेच्या कडेला एक आडवा ओंडका होता, त्यावर ती सगळं अंग टेकून बसली, हात मांडीवर टाकून. एमेटचं हसू थांबलं. बहिणीला असं बसलेलं त्यानं आईच्या दफनाच्या दिवशी पाहिलं होतं.

"मी सांगणार नव्हतो," तो म्हणाला. "म्हणणार होतो की छान होती, पण दुकानात माल आलाय. झालं. विषय संपला असता."

"माझ्यासाठी?"

"मग काय पर्लसाठी? तू त्या डब्यावर काय लिहिलंस ते वाचलं मी. इतकी वर्षं थांबलीस, आणि पहिल्यांदाच…"

"आणि मी भरतच राहिले असते," व्हर्ला म्हणाली. "तसेच साचे, तशाच पुंगळ्या. ड्वेनला दिली असती. हिवाळ्यात मी स्वतः घातली असती. एम, तू मला सांगणार नव्हतास?"

हे एमेटच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं तोंडातली काडी काढून टाकली आणि बुटाच्या टोकानं एक दगड उकरून काढला.

"पुंगळ्या मीच आणल्या होत्या," तो म्हणाला. "लुंडीनच्या. लुंडीनच्या, व्हर्ल! मला कळायला हवं होतं."

"तू आणायच्या असतात. मी मोजायच्या असतात." ती उठली. बसून पुरे झालं होतं. "दे ती बंदूक इकडे. नळी डोंगराकडे कर आणि पर्लला लांब ने."

ओढ्याकाठची विलोची फांदी तोडून तिनं चाकूनं टोक सपाट केलं. बाजूला उभं राहून, नळीसमोर हात न नेता, बाहेर आलेलं शिशाचं नाक तिनं हळूहळू मागं रेटलं. चक्र खट्कन सुटलं. आतली सगळी काढून तिनं निळ्या अक्षरांच्या डब्यात टाकली आणि तो डबा आपल्या पिशवीच्या तळाशी घातला. मग पिशवीतला दुसरा डबा काढून पेटीवर ठेवला.

"ही माझ्या पुंगळ्यांतली आहेत. माझ्या स्वतःच्या."

एमेटनं डब्याकडे पाहिलं. दुकानातलं त्याच्याजवळ काहीच नव्हतं, आणि खालपर्यंतची वाट बेरींच्या झुडपांतून होती. पण तो घाईनं हात पुढं करत नव्हता. बहिणीचं मन राखायला बुधवारी त्यानं न तपासताच हात पुढं केला होता.

"तपास," व्हर्ला म्हणाली. "मी घरी तपासलीत. तू पुन्हा तपास."

त्यानं पहिलं काडतूस उचललं, कडेवरून नख फिरवलं, लाकडाला टेकवून दाबलं.

"पोरींसारखं काय दाबतोस? अंगठा पांढरा झाला पाहिजे."

त्यानं अंगठा पांढरा होईपर्यंत दाबलं. गोळी हलली नाही. त्यानं ते चक्रात सरकवलं. दुसरं. तिसरं. व्हर्लाला वाटलं होतं वाईट वाटेल. आपलं काडतूस आपल्यासमोर असं कुणी ठोकून-दाबून पाहावं, हे तिनं कधी सहन केलं नसतं. पण ती खेचराच्या दोऱ्या उगाचच ओढून घट्ट करत होती, आणि प्रत्येक वेळी चक्रात पितळ सरकल्याचा आवाज आला की मागं न वळता मान हलवत होती.

चक्र भरल्यावर त्यानं रिव्हॉल्व्हर म्यानात घातलं आणि कमरेवर थापटलं. "सप्टेंबरात अजून एक खेप आहे. तेवढी लागतील."

"पुंगळ्या मोजून आण."

"मला कुठं मोजता येतात?"

"मग गॅरेजमध्ये ये. खुर्ची मिळणार नाही."

उतरताना एमेटनं तिला घोड्यावर बसवायचा प्रयत्न केला. ती बसली नाही. लंगडत पुढं चालत राहिली, ओरडत, "ए अस्वला! आम्ही दोघं आहोत! खेचरंही आहेत!" वाटेच्या तोंडाशी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. ड्वेन ट्रकमध्ये नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, हात कमरेवर, आणि त्याच्याभोवतीच्या धुळीत त्याच्याच बुटांच्या ठशांचं एक मोठं गोल रिंगण उमटलं होतं.

"एमेट," तो म्हणाला, "तुझ्या बहिणीचा रोग मला लागला. मरो तो. ट्रकचं दार उघड कुणीतरी, मला बसायचंय."